लोकप्रियतेचे संपादन : क्वीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’

वेचे निवडणे हे टीकेचेच एक अंग आहे, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ सिद्ध केले, तेव्हा त्यांनी प्रस्तावनेपेक्षा निवडीनेच प्राचीन मराठी कवितेवर अधिक टीका केली. पुढच्या कित्येक पिढ्यांना मोरोपंत जो दिसला तो तात्यांच्या चाळणीतून खाली आलेला मोरोपंत होय. इंग्रजीत पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’ने १८६१ पासून हेच केले. आमच्या महाविद्यालयांतून इंग्रजी कवितेचे जे संस्कार झाले त्यांचा उगम बव्हंशी या एका पुस्तकात आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत डन नव्हता, ब्लेकही नव्हता. आणि म्हणून कित्येक वर्षे सामान्य वाचकाच्या लेखी ते जणू झालेच नव्हते. ज्याला वगळले त्याचा निषेध करावा लागत नाही, हा संकलनकाराचा टीकाकारावर मोठाच वरचष्मा आहे.

हे सर्व मनात येण्याचे कारण एक ध्वनिमुद्रिका. इंग्लंडमधील ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाने १९८१ च्या अखेरीस ‘ग्रेटेस्ट हिट्स’ नावाचा निवडक सतरा गाण्यांचा संग्रह काढला. त्याच्या खपाने ब्रिटनमधील सर्व उच्चांक मोडले असून, २०२२ साली सत्तर लक्षांचा आकडा ओलांडणारा तो त्या देशातील पहिला संग्रह ठरला. (या आकड्यात अलीकडच्या पद्धतीप्रमाणे आंतरजालावरील श्रवणही धरलेले असते, तथापि ते वजा केले तरी त्याचे स्थान ढळावयाचे नाही.) बीटल्स मंडळींच्या कोणत्याही एका संग्रहास हे साधलेले नाही. सारांश, एका राष्ट्राने आपल्या घरात ठेवण्याजोगी म्हणून जी तबकडी निवडली ती एका संकल्पाने रचलेली कृती नव्हे, तर सात वर्षांतील सुटी गाणी एकत्र बांधलेला वेचा आहे. अशा वेच्याचे परीक्षण कोणी करीत नाही. त्यातील गाणी पूर्वीच परीक्षिली गेली असे मानले जाते. परंतु ‘नवनीता’ची चिकित्सा आपण करतो, मग याची का करू नये?

प्रथम निवडीचे तत्त्व पाहू. गोडबोल्यांनी वा पालग्रेव्हने आपल्या अभिरुचीस साक्षी ठेवून निवड केली. येथे अभिरुचीची जागा खपाच्या यादीने घेतली आहे. सुटी तबकडी म्हणून निघालेले आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या वीसांत पोहोचलेले तेवढेच गाणे आत आले. ‘टाय युअर मदर डाऊन’ एकतिसाव्या क्रमांकापर्यंत गेले, ‘स्प्रेड युअर विंग्ज’ चौतिसाव्या, दोन्ही बाहेर. त्यांचे पहिलेच गाणे ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ (१९७३) यादीत कोठेच आले नव्हते, तेही बाहेर. नियम सोपा, निःपक्षपाती आणि आंधळा आहे. अमेरिकेत मात्र त्याच वर्षी निघालेली आवृत्ती निराळीच होती. तीत चौदाच गाणी, आरंभ ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ने, कारण त्या देशात तेच सर्वांच्या वर गेले होते, वर नमूद केलेले १९७३ चे गाणे तीत आहे, आणि डेव्हिड बोवीसह गाइलेले, त्याच सुमारास प्रसिद्ध झालेले ‘अंडर प्रेशर’ही आहे. एकाच वाद्यवृंदाची, एकाच नावाची, एकाच वर्षातील ही दोन चरित्रे परस्परांशी जुळत नाहीत. ज्यास आपण ‘श्रेष्ठ’ म्हणतो त्याची व्याख्या अटलांटिक महासागर ओलांडताना बदलली, आणि त्याबद्दल कोणी खुलासाही मागितला नाही.

आता हा नियम पाळल्यामुळे काय झाले ते पाहावे. सतरा गाण्यांपैकी दहा फ्रेडी मर्क्युरीची, पाच ब्रायन मे याची, दोन जॉन डीकनची. रॉजर टेलरचे एकही नाही. लॉर्ड स्नोडनने काढलेल्या छायाचित्रातून मुखपृष्ठावर चार चेहरे आपल्याकडे पाहतात. आत मात्र रचनाकार तीनच. ज्याने १९७५ साली ‘बोहेमियन रॅप्सडी’ची सुटी तबकडी विकत घेतली त्याला दुसऱ्या बाजूवर टेलरचे मोटारीवरील प्रेमाचे एक कर्कश आणि गमतीचे गाणे मिळत होते. त्या काळी तबकडी उलटण्याचा प्रघात असल्यामुळे विस्मृतीच्या बाजूलाही थोडे स्थान होते. वेच्याने ती दुसरी बाजू कायमची पुसली. टेलर येथे उरतो तो ढोलावरील हात म्हणून, आणि समूहस्वरातील सर्वांत उंच तार म्हणून. ऑपेराच्या नकलेत जो पट्टीच्या अगदी टोकाला जाऊन भिडतो तो स्वर टेलरचाच. इतक्या महत्त्वाच्या जागी तो आहे आणि तरीही श्रोत्यास त्याचे नाव लागत नाही, हा या संग्रहाचा पहिला अन्याय होय.

दुसरा अन्याय क्रमाचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. संग्रह कालक्रमाने लावलेला नाही. १९७५ चे ‘बोहेमियन रॅप्सडी’ आरंभी येते. त्याच्या पाठोपाठ १९८० चे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. पहिले गाणे घंटेच्या मंद नादात विरते न विरते तोच डीकनच्या बास गिटारची कोरडी, मोजकी, पावलागणिक पुढे सरकणारी धून सुरू होते. पाच वर्षांचे अंतर एका श्वासात पडते. क्वीनच्या आरंभीच्या संग्रहांवर आपण सिंथेसायझर वापरले नाहीत, अशी जाहीर नोंद अभिमानाने छापलेली असे. १९८० च्या ‘द गेम’मध्ये त्यांनी ते व्रत मोडले. ‘प्ले द गेम’च्या आरंभीच तो नवा यांत्रिक नाद खळाळत येतो. एका वाद्यवृंदाच्या इतिहासातील हे मोठे वळण होय; पण येथे त्या गाण्याच्या मागे १९७७ चे, पुढे ‘फ्लॅश’ आणि त्यापुढे एकदम १९७४ चे गाणे आल्यामुळे वळण दिसतच नाही. रस्ता कापून त्याचे तुकडे शेजारीशेजारी मांडल्यावर त्यातून प्रवास कसा करावयाचा?

यावर कोणी म्हणेल की पालग्रेव्हनेही आपल्या खंडांच्या आत कालक्रम सोडून भावसाम्याने कविता लावल्या होत्या. हे खरे, परंतु त्याचा क्रम भावाचा तरी होता. येथील क्रम श्रोत्याचा उत्साह मावळू नये या हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबात तो अचूक आहे हे मान्यच केले पाहिजे. मंद गाणे आले की लगेच उसळते गाणे येते. ‘सेव्ह मी’ने पहिली बाजू खिन्न स्वरात मिटते, तो दुसरी बाजू ‘क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह’च्या हलक्या ठेक्याने उघडते. कंटाळा म्हणून कोठे येतच नाही. आणि मोठ्या कलाकृतीत क्वचित येणारा तो सकस कंटाळा, ज्यातून पुढच्या उत्कर्षाची भूक तयार होते, तोही येथे येत नाही.

‘बोहेमियन रॅप्सडी’चेच उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नाची सर्व गुंतागुंत त्यात आहे. हे गाणे १९७५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या संग्रहाच्या अखेरीस येते. त्याच्या आधी त्याच बाजूवर आठ मिनिटांहून दीर्घ असे मे याचे ‘द प्रॉफेट्स साँग’ आहे. त्यात एकट्या आवाजाचे पडसाद एकमेकांवर रचून प्रलयाचे भविष्य वर्तविले आहे. ते संपते न संपते तोच त्यातून ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चा कोमल पियानो उमलतो. मग ‘गुड कंपनी’, ज्यात मे याने एकट्या गिटारमधून जुन्या जॅझ वादकांचा अख्खा ताफा उभा केला आहे. असे गांभीर्य, कारुण्य आणि थट्टा या तिन्ही मुक्कामांवरून आलेल्या श्रोत्यासमोर ‘बोहेमियन रॅप्सडी’ उभे राहते. त्यात हे तिन्ही भाव एकाच गाण्यात पुनः येतात: आईपुढे दिलेली खुनाची कबुली, मग ऑपेराचे सोंग, मग संताप, मग औदासीन्य. म्हणजे ते गाणे त्या संपूर्ण बाजूचा उपसंहार आहे. आणि त्यानंतर मिनिटभराचे ब्रिटिश राष्ट्रगीत, तेही गिटारवर वाजविलेले. नाटक संपल्यावर प्रेक्षकांनी उठून उभे राहावे तसा तो शेवट. ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये हाच उपसंहार नांदी झाला आहे.

तरीही, नांदी होऊनही ते गाणे पडत नाही, हे विशेष. सुमारे सहा मिनिटांचे गाणे, ध्रुपद नाही, मधला भाग कित्येक थरांच्या समूहस्वराचा. तो भरताना ध्वनिफीत पुनः पुनः यंत्रातून इतकी फिरली की तिच्यावरील लेप झिजून ती पारदर्शक दिसू लागली, असे मे सांगतो. इतक्या आडव्यातिडव्या रचनेने ब्रिटनच्या यादीत सलग नऊ आठवडे अग्रस्थान भोगले. तेव्हा जो म्हणतो की लोकप्रियतेच्या चाळणीतून गाळच खाली येतो, त्याला हे गाणे निरुत्तर करते. लोकांनी सोपे ते घेतले असे नव्हे. कित्येकदा त्यांनी अवघड तेच घेतले, आणि तबकडीच्या व्यापाऱ्यांना जे धोक्याचे वाटले त्यालाच डोक्यावर घेतले.

येथे आपल्या इकडच्या एका समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बलसारा; पारशी; जन्म १९४६ साली झांझिबार येथे; आणि शालेय शिक्षण आमच्या पाचगणीस, सेंट पीटर्स शाळेत. तेथेच त्यास ‘फ्रेडी’ हे नाव पडले, तेथेच तो पियानो शिकला, आणि तेथेच ‘हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी वाद्यमेळा त्याने सवंगड्यांसह चालविला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि पाचगणीच्या वाटेने जाणाऱ्या मराठी माणसाला त्यांचा आनंद व्हावा हेही स्वाभाविक आहे. परंतु येथून पुढे उडी मारून त्याच्या तानांत पूर्वेकडील काही शोधण्याची जी टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. ‘बोहेमियन रॅप्सडी’त ईश्वराच्या नावाने आरंभ करण्याचा एक अरबी शब्द येतो, तो पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण त्याच दमात इटालियन प्रहसनातील स्कारामूश येतो, गॅलिलिओ येतो, फिगारो येतो. शब्द तेथे अर्थासाठी नव्हे, तर रंगभूमीवरील भरजरी पोशाखासाठी आलेले आहेत. पाचगणीच्या त्या शाळेत शिकविले जात होते ते इंग्रजी, आणि मुले वाजवीत होती ते परदेशी रॉक अँड रोल. मर्क्युरीने स्वतः या पूर्वायुष्याची जाहीर वाच्यता फारशी केली नाही. त्याने नाव बदलले, आणि त्या बदलाचा मान राखणे हे रसिकाचे काम आहे. पाचगणीने त्याला काय दिले असेल तर ते घरापासून दूर, वसतिगृहात वाढलेल्या मुलाचे स्वतःचे नाटक स्वतः रचण्याचे सामर्थ्य, असे फार तर म्हणता येईल. आणि तेही अनुमानच.

या नाट्यशक्तीचा सर्वांत शुद्ध आविष्कार मला ‘बोहेमियन रॅप्सडी’पेक्षाही ‘समबडी टु लव्ह’ (१९७६) मध्ये दिसतो. अमेरिकन निग्रो भजनमंडळ्यांच्या समूहगायनाची ही नक्कल आहे. अरीथा फ्रँकलिनच्या गायकीचा मर्क्युरीवरील प्रभाव येथे उघडच आहे. पण मंडळी म्हणून येथे आहेत तीनच: मर्क्युरी, मे आणि टेलर यांचे आवाज पुनः पुनः भरून एक मोठा समुदाय भासविला आहे. गाण्याचा विषय कोणता, तर एकाकीपण! दिवसभर राबून घरी येणारा, गुडघे टेकून प्रार्थना करणारा आणि ती ऐकली जात नाही म्हणून रागावणारा मनुष्य. आणि त्याच्याभोवती जो जनसमुदाय त्याला साथ देतो तो त्याचाच आवाज शतगुणित झालेला. तंत्राच्या मर्यादेतून निघालेला हा उपाय गाण्याच्या आशयाशी असा काही एकजीव झाला आहे की, खऱ्या भजनमंडळीने ते गाइले असते तर ते कमी खरे वाटले असते. हे गाणे वेच्यात असो वा मूळ संग्रहात, त्याचे काही बिघडत नाही. ते आपले घर पाठीवर घेऊन हिंडते.

डीकनच्या दोन गाण्यांबद्दल एवढेच म्हणावयाचे की, हा अबोल मनुष्य सतरांत दोनदाच बोलतो आणि दोन्ही वेळा निराळ्या भाषेत. ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ हे पत्नीस उद्देशून लिहिलेले गृहस्थाश्रमी गाणे रॉकच्या मुलखात दुर्मिळच. ‘फ्लॅश’ हे चित्रपटातील संवादांसकट उचलून आणलेले चित्रपटाचे गाणे. त्याची येथे गरज नव्हती. ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’चा विनोद आज शिळा झाला आहे, आणि तो १९७८ सालीही फारसा ताजा असावा असे वाटत नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र ‘सेव्हन सीज ऑफ राय’ची झाली आहे. राय हा मर्क्युरीच्या कल्पनेतील एक देश. १९७३ च्या पहिल्या संग्रहाच्या शेवटी त्याची केवळ वाद्यांवरची अपुरी झलक येते. १९७४ च्या ‘क्वीन टू’मध्ये ते गाणे पूर्ण होऊन संग्रहाचा शेवट करते. त्याच वर्षीच्या पुढच्या संग्रहात ‘लिली ऑफ द व्हॅली’ या छोट्या गाण्यात त्या देशाच्या राजाचे राज्य गेल्याची वार्ता येते. अपुरी झलक, वैभव आणि राज्यनाश अशी तीन अंकी कथा तीन तबकड्यांत विखुरलेली आहे. वेच्यात मधला अंक तेवढा आहे. तोही कोठून तोडला, तर ‘क्वीन टू’च्या त्या दुसऱ्या बाजूवरून, जिला त्यांनी ‘काळी बाजू’ असे नाव दिले होते आणि जिथे राक्षस, पऱ्या आणि काळी राणी यांची एक सलग, गडद, अतिरेकी पण विलक्षण सुसंगत सृष्टी मर्क्युरीने उभी केली आहे. त्या अंधारातून बाहेर पडल्यावरच या गाण्याच्या उजेडाला, आणि त्याच्या अगदी अखेरीस ऐकू येणाऱ्या समुद्रकाठच्या सहलीच्या जुन्या सार्वजनिक गाण्याला, अर्थ आहे. ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या श्रोत्याला ती अखेर म्हणजे निव्वळ चेष्टा वाटते. अंधार वगळून केलेल्या या निवडीमुळे क्वीन हा प्रसन्न, चतुर, हरहुन्नरी करमणूककारांचा मेळा वाटू लागतो. तसा तो होता. पण त्याखाली काळोखाचा एक थर होता, आणि सत्तर लक्ष घरांत तो पोहोचला नाही.

अखेरची दोन गाणी १९७७ च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या आरंभी होती, येथे ती शेवटी आली आहेत. डेव्ह मार्श या अमेरिकन टीकाकाराने १९७९ साली ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात क्वीनवर फॅसिस्टपणाचा आरोप केला, त्याच्या मुळाशी ‘वुई विल रॉक यू’चा हा ठेका होता, त्यास ती लष्करी कूच वाटली. आरोप पोकळ नाही. दोन वेळा पाय आपटणे आणि एकदा टाळी, एवढ्याच सामग्रीवर हजारोंचा जमाव एका माणसाच्या इशाऱ्यावर हलतो, हे दृश्य विसाव्या शतकाने अन्यत्रही पाहिले आहे. भौतिकशास्त्राचा अभ्यास केलेल्या मे याने त्या आवाजांचे पडसाद मूळ संख्यांच्या अंतराने रचले आणि मूठभर माणसांचा जमाव केला. परंतु मार्शने ध्रुपद ऐकले, कडवी ऐकली नाहीत असे दिसते. कडवी तीन, त्यात रस्त्यावर खेळणारा पोर, मग आरडाओरड करणारा तरुण, मग शांततेची भीक मागणारा गरीब म्हातारा. तिघांच्याही तोंडाला चिखल, तिघेही अपमानित. ज्या माणसाची आयुष्यभर फजिती झाली त्याच्याच कहाणीवर जमाव गर्जना करतो, आणि ती गर्जना त्याच्या बाजूची की त्याच्यावर उठलेली, हे मे याने उघडे ठेवले आहे. क्रीडांगणांवर हे गाणे म्हणणाऱ्यांना कडवी पाठ नसतात, हा दोष जमावाचा, गाण्याचा नव्हे.

‘वुई आर द चॅम्पियन्स’ त्याला जोडूनच येते. विजयाचे म्हणून जगभर गाइले जाणारे हे गाणे वस्तुतः शिक्षा भोगलेल्या, चुका केलेल्या माणसाचे आत्मसमर्थन आहे. त्याच्या ध्रुपदातला शेवटचा जो विजयी शब्दसमूह सर्वांच्या कानात बसला आहे, तो मूळ ध्वनिमुद्रणात अगदी अखेरच्या वेळी येतच नाही. गायक तेथे थांबतो, स्वर वर लोंबकळत राहतो, आणि तबकडी संपते. मैफलींतून मर्क्युरी तो पुरा करून म्हणत असे, आणि श्रोतेही आज घरी ऐकताना तो आपल्या मनाने पुरा करतात. कित्येकांना तो ऐकल्याचे शपथेवर आठवतेही. तबकडीवर मात्र ती जागा रिकामीच आहे.